शाहीर साबळ्यांच्या जुन्या रेकॉर्डी : शोधायच्या कशा, वाजवायच्या कशा, ऐकायच्या कशा

शाहीर साबळे म्हटलं की बहुतेकांना एकच गाणं आठवतं, ‘जय जय महाराष्ट्र माझा’. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि साबळ्यांचा खडा आवाज. २०२३ साली ते राज्यगीत झालं. शाळेच्या मैदानापासून सरकारी समारंभापर्यंत ते कानावर पडतं आणि त्या एका गाण्याआड त्यांचे गोंधळ, भारुडं, पोवाडे, कोळीगीतं झाकून जातात. हे सगळं ज्या काळ्या तबकड्यांवर निघालं त्या अजून मिळतात, वाजतात, आणि मोबाइलवरच्या फायलीपेक्षा बरंच काही जास्त सांगतात.

साबळे मूळचे साताऱ्याकडचे, वाईजवळच्या पसरणीचे. जन्म १९२३, निधन २०१५. मग मराठवाड्यातल्या माणसाने त्यांच्या रेकॉर्डींवर एवढा जीव का लावावा? कारण त्यांनी गाजवलेलं विंचवाचं भारूड पैठणच्या नाथमहाराजांचं आहे, आणि गोंधळात ज्या देव्यांना बोलावणं जातं त्यांतली तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका आपल्याच भागातल्या. लोकगायकाची रेकॉर्ड म्हणजे रात्रभर चालणाऱ्या खेळातून कापून घेतलेला तीन-चार मिनिटांचा तुकडा असतो. ज्याने अंगणात मांडलेला गोंधळ ऐकलाय, नाथषष्ठीला पैठणच्या वाळवंटात भारूड पाहिलंय, त्याला कापलेला भाग मनात भरून घेता येतो. आपल्याकडे लग्नानंतर गोंधळ घालायची रीत अजून घरोघरी आहे. म्हणून या रेकॉर्डी ऐकायला आपण चांगल्या जागी बसलो आहोत, असं मला मनापासून वाटतं.

आधी आकार ओळखा

साबळ्यांच्या उमेदीची वर्षं रेकॉर्डींच्या तिन्ही पिढ्यांवर पसरलेली आहेत, त्यामुळे हातात काय पडलंय ते आधी कळलं पाहिजे.

सर्वांत जुनी ती दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी. ती लाखेची असते. हाताला जड लागते आणि पडली की तुकडे होतात. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, म्हणजे एकच गाणं. सात इंची ईपी व्हिनाइलची, ४५ फेऱ्यांची, एका बाजूला एक किंवा दोन गाणी. बारा इंची एलपी ३३⅓ फेऱ्यांची आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. यात एक फसवी जात आहे. एचएमव्हीने ‘सुपर सेव्हन’ नावाने सात इंची तबकड्या काढल्या, त्या आकाराने ईपीसारख्या पण फिरतात ३३⅓ वर. ईपी समजून ४५ वर लावली की शाहीर चिरक्या आवाजात पळायला लागतो आणि विकणाराही ‘खराब आहे’ म्हणून बाजूला टाकतो. लेबलावरचा वेगाचा आकडा वाचायची सवय लावून घ्या.

लेबलावर आणखी बरंच काही असतं. एचएमव्हीच्या एलपीवर ‘ईसीएलपी’ने सुरू होणारा क्रमांक असेल तर ती मोनो, ‘ईसीएसडी’ असेल तर स्टिरिओ. सत्तरीच्या दशकापासूनच्या बऱ्याच लेबलांवर वर्तुळातलं इंग्रजी पी आणि त्यापुढे साल असतं. ते साल ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याचं. जुन्या ईपीवरची गाणी गोळा करून नंतर एलपी काढायची पद्धत होती, त्यामुळे एलपीवरच्या सालावरून गाणं कधी गायलं गेलं ते ठरवू नका. तेच गाणं आधीच्या ईपीवर आहे का ते बघा.

गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ लिहिलेलं दिसेल तिथे जरा थांबा. कधी ते खरोखर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं, कधी त्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याची छाप स्पष्ट ऐकू येते. भारुडात ‘एका जनार्दनी’ ऐकू आलं की कर्ता समोर उभा राहिला. आणि साथीदारांची नावं बहुतेक लेबलांवर नसतातच. ज्यांनी संबळ घुमवलं, ज्यांनी झील धरली, म्हणजे शाहिराच्या मागे सूर उचलून साथ दिली, त्यांच्या नावाला दोन ओळींची जागा मिळाली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

कुठे शोधायच्या

पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि मुंबईचा शुक्रवारचा चोरबाजार ही सगळ्यांना ठाऊक असलेली ठिकाणं. तिथे माल जास्त, आणि भावही जाणत्या गिऱ्हाईकाचे. छत्रपती संभाजीनगरात जाफर गेटचा रविवारचा बाजार सकाळी लवकर गाठावा. नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबाद जवळ पडतं. तिथला जुमेरात बाजार पालथा घालायला हरकत नाही, मात्र तिथे मराठीपेक्षा कव्वाल्यांच्या रेकॉर्डी अधिक निघतील हे धरून चला.

पण खरा साठा आहे तो गावोगावच्या जुन्या लाऊडस्पीकरवाल्यांकडे. लग्न, जत्रा, गणपती, नवरात्र, जिथे मांडव तिथे झाडाला बांधलेला भोंगा आणि खाली पेटीत रेकॉर्डींची चळत, असा पंचवीस-तीस वर्षं चाललेला धंदा होता. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि या पेट्या माळ्यावर गेल्या. तालुक्याच्या गावी मंडप-डेकोरेशनवाल्याकडे जाऊन ‘तुमच्या वडिलांचा साउंडचा धंदा होता का’ एवढं विचारलं तरी रस्ता सापडतो.

अशी तबकडी हातात आली की घाई न करता नीट बघा. लेबलावर जांभळ्या शाईचा रबरी शिक्का असतो, त्यात साउंडवाल्याचं नाव आणि गाव. बाजूला तेलरंगात घातलेला आकडा, म्हणजे त्याच्या पेटीतला क्रमांक. मधल्या भोकाभोवती बारीक चंदेरी रेघांचं जाळं पसरलेलं असतं. अंधारात घाईने तबकडी बसवताना खुंटी लेबलावर घासून झालेल्या या खुणा. त्या जितक्या दाट तितकं गाणं मांडवात जास्त वाजलेलं. जी बाजू लोकांनी पुन्हा पुन्हा मागितली ती करडी पडलेली आणि मागची बाजू जवळपास नवी. त्या मागच्या बाजूची गाणी पुढे फारशी कुठे ऐकायला मिळत नाहीत, आणि तीच चांगल्या अवस्थेत हाती येतात. म्हणून एक बाजू गेली म्हणून रेकॉर्ड टाकून देऊ नका.

विकत घेताना तबकडी उन्हात तिरपी धरा. वरवरचे ओरखडे चालतात. नखाला लागणारा ओरखडा टकटक आवाज करणार किंवा सुई उडवणार. खाचा काळ्याभोर न दिसता राखाडी, मंद दिसत असतील तर त्या झिजल्या आहेत, आणि धुऊन झीज जात नाही. मग तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाकडी झालीय का ते पाहा. थोडी बशी झालेली चालेल, एका कडेला एकदम उचललेली नको. लाखेच्या रेकॉर्डीला बोटाने हलकी टिचकी मारा, तडा असेल तर आवाज बद्द येतो.

सुई आणि यंत्र

किल्लीचा, भोंग्याचा जुना ग्रामोफोन घरात असेल तर त्यावर फक्त ७८ च्या लाखेच्या तबकड्या लावा. त्याच्या पोलादी सुईचा भार शंभर ग्रॅमच्या वर जातो. व्हिनाइलची ईपी त्यावर एकदा लावली की कायमची गेली. पोलादी सुई एका बाजूला एक, मग फेकून द्यायची. या बाबतीत काटकसर करू नका, कारण झिजलेली सुई खाच कुरतडते.

ईपी-एलपीसाठी सत्तरीतले एचएमव्ही फिएस्टासारखे पेटीवजा प्लेअर अजून दुरुस्त होऊन मिळतात. दिसायला देखणे, पण त्यांच्या सिरॅमिक कार्ट्रिजचा (सुई ज्यात बसते त्या भागाचा) भार पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातो आणि सुई बहुधा जुनी झालेली असते. दुर्मीळ तबकडीसाठी भार कमी-जास्त करता येणारा साधा टर्नटेबल घ्या, मॅग्नेटिक कार्ट्रिज लावा आणि कंपनीने सांगितलेला भार, सहसा दीड ते दोन ग्रॅम, छोट्या काट्यावर मोजून ठेवा. मॅग्नेटिक कार्ट्रिजला फोनो प्रीअँप, म्हणजे तिचा क्षीण आवाज अँप्लिफायरला जाण्याआधी वाढवणारं छोटं यंत्र, लागतो. त्याशिवाय आवाज बारीक आणि पातळ येईल. घूं असा आवाज मागे येत राहिला तर अर्थिंगची तार आधी तपासा.

७८ साठी सुई वेगळी. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, ७८ ची खाच रुंद असल्याने तिला ६५ ते ७५ मायक्रॉनचं लागतं. बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी घासत जाते आणि शाहिराआधी खरखर ऐकू येते.

आणखी एक सोपी गोष्ट. मोनो रेकॉर्ड स्टिरिओ कार्ट्रिजवर लावत असाल तर अँप्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबा. मोनो तबकडीत आवाज सुईच्या आडव्या हालचालीत असतो. धूळ आणि झिजेचा बराच कडकडाट उभ्या हालचालीत असतो, आणि दोन्ही बाजू एकत्र झाल्या की तो बराच निघून जातो. एक बटण दाबून मिळणारा एवढा मोठा फरक दुसरा नाही.

आपल्याकडच्या विजेचंही बघावं लागतं. भारनियमनात रेकॉर्ड इन्व्हर्टरवर चालवायची असेल तर तो साइनवेव्ह असावा. स्वस्त स्क्वेअरवेव्ह इन्व्हर्टरवर एसी मोटर गुणगुणते आणि तापते.

वेग पेटीवर तपासा

पट्टा सैल झालेल्या प्लेअरवर गाणं हळू होतं आणि साबळ्यांचा तार सप्तकात चढणारा आवाज मंदावतो. वेग मोजायची साधी रीत म्हणजे तबकडीच्या कडेला कागदाचा तुकडा ठेवून फेऱ्या मोजणे. एलपीच्या तीन मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या झाल्या पाहिजेत. ५० सायकलच्या विजेसाठी १८० पट्ट्यांची स्ट्रोब तबकडीही मिळते. ती जुन्या पिवळ्या बल्बखाली किंवा चोकच्या ट्यूबखाली बघावी, बऱ्याच एलईडी दिव्यांखाली पट्ट्या स्थिर दिसतच नाहीत.

मला मात्र तिसरी रीत आवडते. भजनी मंडळाची बाजाची पेटी मागून आणा. ज्या रेकॉर्डीत पेटी वाजलीय तिचा षड्ज आपल्या पेटीवर शोधा. तो काळी चार किंवा पांढरी पाच अशा एखाद्या पट्टीवर नीट बसला तर वेग बहुधा ठीक. दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये लटकला तर वेग दोन-तीन टक्क्यांनी सरकला आहे. जुन्या पेट्या एकमेकींशी तंतोतंत जुळतील असं नाही, पण एकाच प्लेअरवर चार-पाच वेगवेगळ्या रेकॉर्डी सगळ्याच अशा लटकत असतील तर दोष प्लेअरचा. नुसत्या संबळावरून हा अंदाज बांधू नका. गोंधळी संबळ शेकून चढवतात, त्याचा स्वर पेटीला बांधलेला नसतो.

धुणे आणि ठेवणे

माळ्यावरून आलेली रेकॉर्ड न धुता लावू नका. आपल्या काळ्या मातीची धूळ बारीक असते आणि सुईच्या भाराने खाचेत कायमची रुतते. बोअरचं पाणी तर अजिबात वापरू नका, वाळल्यावर क्षाराचा पांढरा थर राहतो. डिस्टिल्ड वॉटर आणा, लिटरभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे तीन-चार थेंब टाका, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवत धुवा. लेबल कोरडं ठेवा. मग साबण नसलेल्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा धुऊन सावलीत ताटाळ्यात उभी करा, दोन ताटांच्या खाचांत एक असं अंतर सोडून.

लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नका, लाख विरघळते. ओलसर फडक्याने पुसा आणि लगेच कोरडी करा.

उन्हाळा हा आपल्याकडचा मोठा शत्रू. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत व्हिनाइल वाकडं व्हायला दुपार पुरते. रेकॉर्डी तळमजल्यावर, आतल्या भिंतीला, उभ्या ठेवा. आडव्या थप्पीत खालच्या दबतात. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या कव्हरला बुरशी आणि उधई धरते, म्हणून लाकडी फळी भिंतीपासून चार बोटं पुढे असावी. जुन्या पीव्हीसीच्या जाड पारदर्शक पिशव्या काढून टाका, त्या तबकडीवर धुरकट डाग सोडतात. पॉलिथिनच्या आतल्या पिशव्या बऱ्या. कव्हर फाटलेलं असलं तरी जपा, मागच्या बाजूची चार ओळींची माहिती दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

आता ऐकायचं

एका बैठकीत एकच बाजू. ईपीची एक बाजू संपायला पाच-सात मिनिटं लागतात. ती संपली की लगेच उलटवू नका, तीच पुन्हा लावा.

पहिल्यांदा नुसती ऐका. दुसऱ्यांदा साबळ्यांकडे कान देऊ नका, झीलकऱ्यांकडे द्या. पोवाड्यात शाहीर ओळीचं शेवटचं अक्षर सोडतो कुठे आणि ‘जी जी रं जी’ उचलली जाते कुठे, ते बघा. चांगल्या झीलकऱ्यांचा सूर शाहिराच्या शेवटच्या अक्षराच्या आतच सुरू होतो, त्यामुळे त्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो आणि ऐकणाऱ्याला फट जाणवत नाही. मोनो रेकॉर्डीत झीलकरी माइकपासून किती मागे उभे आहेत हेही कळतं, कारण त्यांच्या आवाजाभोवती खोलीचा पोकळ नाद असतो आणि शाहिराचा आवाज कोरडा, जवळचा.

तिसऱ्यांदा वाद्यं. तुणतुण्याची एकच तार सबंध गाणंभर तोच सूर धरून असते. गायक तिच्यापासून कधी लांब जातो आणि कधी परत येऊन टेकतो ते मोजा. संबळाची दोन भांडी वेगळी ऐकायला शिका. लहान भांड्याची तडतड सरळ काठीची, मोठ्याचा घुमारा वाकड्या टोकाच्या काठीचा. स्वस्त स्पीकरवर हा घुमारा नाहीसाच होतो आणि मग लोक म्हणतात की जुन्या रेकॉर्डीत दम नाही. एकदा बऱ्या स्पीकरवर ऐकवा आणि त्यांचे चेहरे बघा. ज्या रेकॉर्डींत व्हायोलिन आणि क्लॅरिनेट भरलेले असतात त्या श्रवणीय असतात हे मान्य, पण मला चार साथीदार आणि एक माइक एवढ्यावर उभी राहिलेली मुद्रणं जास्त मोलाची वाटतात.

यानंतरची पायरी सगळ्यांत महत्त्वाची. रेकॉर्डीवर काय आलेलं नाही ते शोधायचं. प्रत्यक्ष गोंधळात आधी घट मांडला जातो, दिवटी पेटते, मग गण, मग एकेका ठिकाणच्या देवाला बोलावणं, मग रात्र चढत जाईल तसं आख्यान, आणि पहाटे आरती. नायक सांगत असतो आणि साथीदार मधे मधे विचारून, हुंकार देऊन त्याला पुढे नेतो. तीन मिनिटांच्या बाजूत यातलं फक्त आवाहन किंवा एखादं पद बसतं. तेव्हा वही घ्या आणि रेकॉर्डीत ज्या देवस्थानांची नावं आली ती ओळीने लिहा. पुढच्या गोंधळाला हीच यादी गोंधळ्यांकडून कशी येते ते ऐका. आमच्याकडे अंबाजोगाईच्या योगेश्वरीला, एखाद्या घरी माहूरला आधी मान असतो. स्टुडिओत अख्ख्या महाराष्ट्रासाठी गायचं म्हटल्यावर क्रम बदलतो, नावं गळतात. ती गळती एकदा दिसली की तुकडा कुठून कापला ते समजतं.

विंचवाच्या भारुडाचंही असंच करा. ते गाताना साबळे विनोदी अंगाने सुरू करतात, वेदना वाढवत नेतात, ऐकणारा हसत असतो. पण नाथांनी हा विंचू काम-क्रोधाचा म्हणून लिहिला आहे आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा. भारूडकार प्रत्यक्षात इथे थांबून अर्धा अर्धा तास निरूपण करतो, समोरच्या एखाद्याला नाव घेऊन छेडतो. रेकॉर्डीत ते सगळं गाळलं आहे, आणि हसण्यापासून उताऱ्यापर्यंतचा तो मोठा पल्ला गायकाने केवळ आवाजाच्या पोताने गाठला आहे. कुठल्या शब्दावर आवाजातला खट्याळपणा जातो तो शब्द तुम्ही स्वतः शोधा. मी इथे सांगितला तर तुमची मजा जाईल.

शक्य झालं तर ही बाजू घरातल्या किंवा गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांसोबत ऐका. ‘आजी, तुमच्याकडं हे असंच म्हणायचे का?’ एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. त्यांच्या तोंडून निघणारं कडवं लिहून ठेवा.

एका गायकाच्या रेकॉर्डी अशा सालवार ऐकून झाल्या की शेजारी विठ्ठल उमप आणि प्रल्हाद शिंदे ठेवा. उमप १९३१ चे, शिंदे १९३३ चे, म्हणजे साबळ्यांपेक्षा आठ-दहा वर्षांनी धाकटे. तिघांच्याही आवाजात मोकळ्या मैदानात गाण्याची सवय आहे आणि तिघेही माइकसमोर ती वेगवेगळ्या रीतीने आवरतात. शिंद्यांच्या भक्तिगीतांत कव्वालीचा जोर ऐकू येतो, उमपांत नाट्य. पण हा पुढचा अभ्यास, तो आधी करू नका.

डिजिटल प्रत काढताना

दुर्मीळ बाजू वारंवार वाजवण्यापेक्षा एकदा चांगली उतरवून घ्या. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर वेव्ह फाइल करा आणि ती मूळ प्रत म्हणून तशीच ठेवा. खरखर काढायचे फिल्टर लावायचे तर वेगळ्या प्रतीवर लावा, आणि जपून लावा, कारण झांजेचा किणकिणाट आणि तुणतुण्याची धार खरखरीबरोबर आधी जाते. सुई कुठली, भार किती, वेग कसा तपासला हे फाइलसोबत लिहा. लेबलाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, साउंडवाल्याच्या शिक्क्यासकट, आणि सुई थांबते त्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक भिंगाने वाचून नोंदवा. एकच गाणं दोन वेगळ्या छपाईंत सापडलं तर तेच मुद्रण आहे की पुन्हा गायलेलं, हे ठरवायला त्या क्रमांकाचा आधार मिळतो.

ही प्रत स्वतःच्या ऐकण्यासाठी ठीक. इंटरनेटवर टाकायची असेल तर कायदा बघा. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणजे १९६४ साली निघालेल्या रेकॉर्डीचा २०२४ अखेर संपला. पण शब्द आणि चाल यांचे हक्क निराळे, ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. नाथांच्या भारुडाच्या शब्दांना ही अडचण नाही. विसाव्या शतकातल्या गीतकाराने लिहिलेल्या गाण्याला आहे, म्हणून लेबलावरचं गीत-संगीताचं नाव फाइलच्या नावातच घालून ठेवा.